कॅमचं अर्धं राहिलेलं भांडण

इंजिनात कोणता कॅमशाफ्ट टाकायचा यावरून माणसाला रडू येऊ शकतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. माझा स्वभावच तसा आहे. गोंदियात माझं लेथचं दुकान. राइस मिलचे शाफ्ट, ट्रॅक्टरची हेडं, पंपांची बुशं हे सगळं आयुष्यभर घासत आलो आणि तितकंच आयुष्यभर गिऱ्हाइकांवर ओरडत आलो. लग्नाचं राहून गेलं. दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतो. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. तिथला टपरीवाला सोडला तर आता दिवसभरात माझ्याशी बोलणारं कुणी नसतं, आणि तोही 'कट की फुल' एवढंच विचारतो.

पण बोलणारा होता एक. बोलणारा कसला, भांडणाराच. शेजारच्या गाळ्यात त्याचं कार्बोरेटरचं दुकान होतं. तो पक्का गोंदियावाला. घरात हिंदी, बाजारात हिंदी. मराठी सगळी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. मी अर्जुनी मोरगावकडचा, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेला. तो हिंदीत भांडायचा, मी झाडीबोलीत, आणि नवीन गिऱ्हाईक मध्येच आलं तर त्याला वाटायचं, आता इथं डोकी फुटणार. तसं कधी झालं नाही. दुपारी डबा मात्र आम्ही एकाच बाकावर बसून खायचो, आणि त्याच्या बायकोनं केलेली भाजी माझ्याच वाट्याला जास्त यायची.

आमची एक जीप होती. दोघांची मिळून. जंगलाचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या आवारात ती गवतात बसली होती, तिथून ओढत आणली. पेट्रोलचं जुनं इंजिन, पत्रा गेलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार. तिचं आम्हाला काय करायचं होतं? काही नाही. सालेकशाकडे दरेकशाचा चढ आहे, तो एकदा वरच्या गिअरमध्ये, मध्ये कुठंही गिअर न पाडता चढून जायचा, एवढीच इच्छा होती. अशा बिनकामाच्या इच्छेवर दोन माणसं किती वर्षं काढू शकतात हे बायाबापड्यांना पटत नाही. त्याच्या बायकोलाही पटत नव्हतं. तिनं जीपला सवत म्हणायला सुरुवात केली होती.

जीपच्या कामाचा एक नियम होता. भांडल्याशिवाय पाना लावायचा नाही. हा नियम असाच पडला नव्हता. सुरुवातीला एकदा पंख्याच्या पट्ट्यावर आमचं दोघांचं पटकन एकमत झालं. त्याला आवडला, मला आवडला, बसवला, आणि आमगावच्या अलीकडे भर उन्हात तो तुटला. जीप ढकलत आणताना तो म्हणाला, "देख, झगडा नहीं किया ना, इसलिए." मी म्हटलं, "मंग आतापासून भांडूनच करू." तेव्हापासून कोणताही भाग आधी बाकावर कपडा अंथरून ठेवायचा, तेलाची दोन रिकामी पिंपं उपडी घालायची, चहा मागवायचा, आणि एकानं बाजूनं तर दुसऱ्यानं विरुद्ध बोलायचं. आतून दोघांचं मत एकच असलं तरी एकाला उलटं बोलावंच लागायचं. त्यातून भागाची खोट बाहेर पडायची. आणि खरं सांगायचं तर भागाच्या निमित्तानं आमच्या पोटातलंही बरंच बाहेर पडायचं. बायको गेली त्या वर्षी तो एका साध्या ऑइल फिल्टरवरून माझ्याशी दुपारभर भांडला होता. मी त्याला भांडू दिलं.

शेवटचं भांडण कॅमचं.

नागपूरच्या भंगारात त्याला एका अपघातातल्या डिझेल गाडीचा टर्बो मिळाला. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. तो आम्ही खटपटी करून जीपला बसवला. त्याच्या तेलाच्या नळीवरून भांडलो, त्याच्या जागेवरून भांडलो. मग त्यानं एक दिवस कागदात गुंडाळलेला नवा कॅमशाफ्ट आणून बाकावर ठेवला आणि म्हणाला, "अंदरवाला निकाल. अब ये लगेगा."

ज्यांना इंजिनाचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एरवी मला हे सांगायचा कंटाळा आहे. कॅमशाफ्ट हा एक लोखंडी दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे इंजिनाची दारं उघडतात. एक दार ताजी हवा-पेट्रोल आत घेणारं, एक दार जळलेला धूर बाहेर सोडणारं. उंचवटा कसा घासला आहे त्यावर ठरतं, दार किती उघडेल आणि किती वेळ उघडं राहील. आणि एक क्षण असा येतो, की धूर बाहेर जाण्याचं दार अजून मिटलेलं नसतं आणि हवा आत येण्याचं दार उघडायला लागलेलं असतं. दोन्ही दारं एकदम उघडी. सगळं भांडण या क्षणाचं.

जीपमध्ये आधीचा कॅम माझ्या हट्टाचा होता. मोठा. दारं खूप उघडणारा, दोन्ही एकदम बराच वेळ उघडी ठेवणारा. टर्बो नव्हता तेव्हा तो बरोबरच होता. जोरात पळणाऱ्या इंजिनात बाहेर जाणारा धूर आपल्यामागं ताज्या हवेला ओढून घेतो, इंजिन खूश होतं. आणि त्याचा आवाज! उभ्या जीपचं इंजिन अडखळत, ढबक-ढबक करत, अंग हलवत चालायचं. गल्लीत वळलो की टपरीवाला आधीच दोन ग्लास भरायला घ्यायचा. त्या आवाजावर माझा जीव होता. यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यानं आणलेला कॅम छोटा होता. दोन्ही दारं एकदम जवळपास उघडूच न देणारा. "टर्बो के साथ बडा कॅम नहीं चलता," तो म्हणाला. "धुएँ के रास्ते में अब पंखा बैठा है. धुआँ निकलेगा कैसे? वापस अंदर घुसेगा. और उल्टा हुआ तो तेरी ताजी हवा सीधे सायलेन्सर से बाहर." मी म्हटलं, "टर्बो हवा भरते, मोठा कॅम जास्त हवा घेते. दोनी मिळून तं इंजिन विमान होऊन जाईल." तो म्हणाला, "विमान नहीं, कुकर होगा." मी म्हटलं, मग धुरावर चालणारा पंखा कायले, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर बसवू, धुराची वाट मोकळी राहील आणि माझा कॅमही राहील. तो म्हणाला, धूर परत घुसणार नाही हे ठीक, पण दोन्ही दारं उघडी ठेवून आत फुंकशील तर फुंकलेलं बाहेरच जाणार, पेट्रोलसकट. त्यालाही कॅम वेगळाच लागतो. तुला फक्त तो आवाज पाहिजे, हे कबूल कर. मी कबूल केलं नाही. ग्लास आपटला. त्यानंही आपटला. पुढच्या सुट्टीला उरलेलं भांडू, असं ठरवून आम्ही शटर ओढलं.

पुढची सुट्टी आलीच नाही. मधल्या दिवसांत तो दुकानात चक्कर येऊन पडला. पुण्याहून त्याचा मुलगा आला. मुलगा चांगला आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. बापाला एकटं ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि आठवड्याच्या आत गाळा रिकामा झाला. स्टेशनावर मी गेलो होतो. गाडी हलेपर्यंत मला वाटत होतं, हा आता खिडकीतून कॅमबद्दल काहीतरी बोलेल. तो सामान मोजत होता.

मग फोन सुरू झाले आणि फोनांनी घात केला. समोरासमोर ज्या माणसानं मला कधी 'अबे' सोडून हाक मारली नाही, तो फोनवर विचारायचा, "खाना हुआ?" मी म्हणायचो, झालं. मग मी त्याच्या साखरेची चौकशी करायचो. साखर ठीक असायची. पुण्यात हवा चांगली असायची. नातवाची परीक्षा असायची. मग दोघंही गप्प, आणि दोघांपैकी आधी जो कंटाळायचा तो म्हणायचा, चल ठेवतो. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं सभ्य कधी वागलो नव्हतो. फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटायचं, फोन आलाच नसता तर वाटलं असतं त्याच्यापेक्षा जास्त.

जीप माझ्या दुकानात उभी होती, पुढचं तोंड उघडं, रेडिएटर बाजूला काढून ठेवलेला. बाकावर कपड्यावर छोटा कॅम. मी एकदा दोन्ही पिंपं उपडी घातली आणि एकट्यानं नियम पाळायचा प्रयत्न केला. एका पिंपावर बसून मोठ्या कॅमच्या बाजूनं बोललो. मग उठून दुसऱ्या पिंपावर बसलो आणि हिंदीत छोट्याच्या बाजूनं बोललो. स्वतःला अबेही म्हणून पाहिलं. पण स्वतःचा राग येतो तो खरा राग नसतो. त्यात समोरच्याचे डोळे मोठे होत नाहीत, पानाच्या पिचकारीसाठी तो मध्येच उठून जात नाही. टपरीवाला चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "बाप्पा, तू सांग, कोनता टाकू?" तो म्हणाला, "तुमाले जो पटते तो टाका जी." मला त्याच्यावर इतकं ओरडावंसं वाटलं! बिचाऱ्याचा काय दोष? मला पटणारा माणूस नकोच होता.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी गावी गेलो. आमच्याकडं गावाचा तलाव आहे, आमच्याच कुळातल्या कुणीतरी कधीकाळी बांधलेला. त्याच्या पाटाचं पाणी वरून खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, उतरत जातं. माझा चुलतभाऊ एका बांधीत पाणी घेत होता. रोवायला बाया धानाची रोपं, पऱ्हे, घेऊन पारीवर म्हणजे बांधावर उभ्या, आणि बांधी काही भरेना. मी पाहिलं तर वरचं तोंड उघडं, पाणी धो-धो येतंय, आणि खालच्या पारीचं तोंडही कापलेलंच. आलेलं पाणी तसंच खाली निघून जात होतं. त्याच्याही खालच्या बाजूला, नाला तुंबला होता तिथं, नाल्याचं गढूळ पाणी उलटं फिरून कोपऱ्यातून बांधीत शिरत होतं.

मी चिखलातूनच ओरडलो, "अरे, वरून पानी सोडलं तं खालचं तोंड काऊन उघडं ठेवलं? बांधी भरन का अशी? आलेलं सारं वाहून जाते, अन् नाल्याचं घान पानी वापस आत येऊन राहिलं!"

आणि मी स्वतःचंच ओरडणं ऐकलं. हे सगळं कुणीतरी मला आधीच ओरडून सांगितलं होतं, हिंदीत, कार्बोरेटरच्या गाळ्यासमोर. पाणी म्हणजे हवा, तुंबलेला नाला म्हणजे टर्बो. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात जन्मून मला एवढं दिसत नव्हतं. चुलतभाऊ फावडं घेऊन खाली पळाला, त्यानं तोंड बुजवलं, आणि बांधी हळूहळू चढायला लागली. मला तिथंच, गुडघाभर चिखलात, हसू आलं. बाया म्हणाल्या, भाऊले ऊन लागलं.

गोंदियाला परत आल्यावर मी तरीही मोजून पाहिलं. क्रँकला अंशांची चकती लावली, दारावर त्याची हालचाल मोजणारं डायल गेज टेकवलं आणि इंजिन हातानं थोडंथोडं फिरवत दोन्ही कॅमचा हिशेब बघितला. बांधीनं जे सांगितलं तेच डायलनं सांगितलं. टर्बो बसलेल्या इंजिनासाठी दारं थोडी कमी वेळ उघडी असलेली चालतील, पण दोन्ही एकदम उघडी नकोत. हवा ओढायचं काम आता कॅमला करायचंच नाही, ते टर्बो करणार. कॅमनं फक्त आत आलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. तो बरोबर होता. मी चूक होतो. पूर्ण चूक, इकडून तिकडून चूक.

हे मला त्याला सांगायचं होतं. मनात मी सगळी तयारी केली. इतक्या वर्षांत मी कधी हरलो असं म्हटलं नव्हतं, त्यामुळं तो काय करेल याची कल्पना करूनच मजा येत होती. तो हसेल. मला गधा म्हणेल. मुलाला बोलावून सांगेल, सुन, सुन, ये मान गया. आठवडाभर रोज फोन करून मला ऐकवेल. मी म्हणणार होतो, ये, आणि स्वतःच्या हातानं बसव.

फोन लावला. मी म्हटलं, "तू बराबर होता. छोटाच टाकाचा. मी हारलो."

तो म्हणाला, "अच्छा."

 पलीकडे टीव्ही चालू होता.

"ठीक है ना," तो म्हणाला. "तेरी गाडी है, जो ठीक लगे लगा ले. तू खाना टाइम पे खाता है ना?"

तेरी गाडी. इतकी वर्षं ती अपनी गाडी होती. मी फोन ठेवला आणि शटर अर्धं ओढून बसलो. रडलोच मी, सांगून टाकतो. हरलो याचं काही नव्हतं. मी हरलो आणि ज्याला जिंकायचं होतं तो खेळ सोडून केव्हाच उठून गेला होता, याचं होतं.

छोटा कॅम मी बसवला, न भांडता. नियम मोडला. उंचवट्यांवर टेकून दारं ढकलणारे टॅपेटही त्याच्यासोबत नवीन बसवले, मोठ्या कॅमचे जुने टॅपेट काढून अंड्याच्या ट्रेमध्ये त्यांच्या जागेच्या क्रमानं ठेवून दिले, कारण ज्या टॅपेटनं ज्या उंचवट्यावर आयुष्य काढलं तो दुसऱ्यावर टाकला तर दोघांचंही वाटोळं होतं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या. चालू केली तर जीप ओळखूच येईना. एकसारखी, हलकी गुणगुण. नव्या मोटारीसारखी. टपरीवाला रस्त्यापलीकडून पाहत राहिला, त्याला ती चालू आहे की नाही कळत नव्हतं.

दरेकशाला गेलो. एकटाच. चढाच्या पायथ्याला वरच्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दिला. आधी थोडी वाट बघितली तिनं, मग टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली आणि जीप असं काही ओढायला लागली की सीटच्या पाठीत मी दाबला गेलो. झाडं, वळणं, दगड, सगळं मागं. गिअरला हातही लावला नाही. चढ संपला. ज्याच्यासाठी आम्ही इतकी वर्षं पैसा आणि सुट्ट्या घातल्या ते झालं, आणि मी सवयीनं डावीकडं पाहिलं. सीटवर पाण्याची बाटली होती. वर उतरून थोडा वेळ उभा राहिलो. एक बाई मोळी घेऊन चालली होती, तिला सांगावंसं वाटलं की बाई, ही वरच्या गिअरमध्ये चढली. नाही सांगितलं. सावकाश परत आलो.

त्यानंतर त्याचा फोन आला तेव्हा माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. जेवण झालं का, झालं. तब्येत, ठीक. मग त्यानं, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "गाडी का काम हुआ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "झाला. मोठाच टाकला."

पलीकडे टीव्ही चालू होता. मग तो बंद झाला.

"क्या डाला?"

"मोठावाला. जुनाच."

"तूने तो बोला था छोटा."

"बोललो होतो. मंग मन बदललं. काय आवाज येऊन राहिला, तुले सांगतो! छोटा टाकून देल्लो भंगारात."

 मला वाटलं, आता म्हणेल तेरी गाडी है. मी डोळे मिटून घेतले.

"अबे गधे!" फोन कानापासून लांब धरावा लागला. "अबे अक्कल बेच के खाया क्या? टर्बो पे बडा कॅम? किसने बोला तेरेको? धुआँ कहाँ जाएगा, तेरे घर में? मेरा कॅम भंगार में? नागपूर में कॅम घिसनेवाले के दुकान के बाहर दिनभर बैठ के घिसवाया मैंने वो कॅम! उसको एक-एक डिग्री समझाया! तू पैदाइशी हेकड है, तूने वो पंखे का पट्टा भी ऐसे ही..."

मागून मुलाचा आवाज आला, पप्पा, धीरे, बीपी बढ जाएगा. तो त्याच्यावरही ओरडला, "तू चुप बैठ, तेरेको नहीं मालूम इसने क्या किया है!"

मी उलटं बोललो. बोलायलाच हवं होतं. विमान म्हटलं, सुपरचार्जर म्हटलं, जुने सगळे मुद्दे काढले, जे चूक आहेत हे मला आता डायलवर पाहून माहीत होतं. तो प्रत्येक मुद्दा फाडत गेला. त्याचा श्वास फुलला तरी थांबला नाही. धूर उलटा कसा येतो हे त्यानं मला पुन्हा समजावलं, बांधीपेक्षा वाईट समजावलं, पण काय सुंदर ओरडला! माझ्या गालावरून पाणी येत होतं आणि मी म्हणत होतो, "मले नाई पटत." शेवटी तो म्हणाला, "मैं आ रहा हूँ. समझा? मैं खुद आके निकालूंगा. मेरे आने तक अपनी गाडी को हाथ नहीं लगाना." आणि फोन आपटला.

अपनी गाडी.

मी बसलो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की काय होऊन बसलं. तो आला, गल्लीत वळला आणि ती शहाण्यासारखी गुणगुण त्यानं ऐकली, तर तिथंच सगळं संपेल. तो म्हणेल, अच्छा, लगाया था, ठीक है. खाटेवर बसेल. चहा घेईल. माझ्या तब्येतीची चौकशी करेल. खरं सांगून टाकावं म्हणून मी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. खरं सांगितलं असतं तर त्याला यायचं कारण उरलं नसतं. म्हातारपणी पुण्याहून गोंदियाला कोण येतं, नुसतं बरं चाललेलं इंजिन बघायला?

तेव्हा मी रेडिएटरचं पाणी सोडलं. रेडिएटर काढला, पुढची जाळी काढली, टायमिंगचं झाकण उघडलं. इतकं सुरेख बसलेलं इंजिन मी उघडत होतो आणि हात नको म्हणत होता. आयुष्यभर मी बिघडलेलं नीट केलं. नीट असलेलं मुद्दाम बिघडवण्याचं काम पहिल्यांदाच अंगावर घेतलं होतं. छोटा कॅम हळूच ओढून बाहेर घेतला, तेल लावलं आणि त्याच्याच कागदात गुंडाळून लेथच्या खाली ठेवला. तो भंगारात नाही हे त्याला कधीतरी कळेल. तेव्हा आणखी एक भांडण होईल. मोठा कॅम आत सरकवला. अंड्याच्या ट्रेमधून त्याचे टॅपेट एकेक करून आपापल्या जागी सोडले. खुणा जुळवल्या, झाकण लावलं.

चालू केली. ढबक-ढबक-ढबक. अंग हलवत. धूर परत आत घुसतोय, ताजी हवा पेट्रोलसकट बाहेर चाललीय, हे मला आता त्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं. पूर्वी ज्या आवाजावर माझा जीव होता तो आता मला चुकीचा ऐकू येत होता. तरी मी तो चालू ठेवला.

टपरीवाला ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आला. इंजिनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काऊन जी, आतापरयंत तं बरी चालत होती. बिघडली का?"

"बिघडवली."

"कायले?"

"पाहुना येऊन राहिला."

"कई?"

कधी येणार ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. त्याच्या मुलानं त्याला तिकीट काढू दिलं की नाही, बीपी वाढलं की काय, काहीच कळलेलं नाही. त्यानंतर फोन आलेला नाही, आणि मी करत नाही. केला आणि तो पुन्हा माझ्याशी सभ्यपणे बोलला तर मी काय करू? जीप रोज सकाळी थोडा वेळ चालू करतो. अशा कॅमवर ती दरेकशाचा चढ चढणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.